गोठ्यातली शर्यत

येडगाव धरणाचं पाणी ज्या रानांना लागतं, त्यातल्या एका वाडीत अमृत सावळेराम बोऱ्हाडे नावाचा एक भलताच बिझी माणूस राहत असे. वय वीस. शिक्षण एस.वाय.बी.कॉम., आणि तेही दुसऱ्यांदा, कारण पहिल्या खेपेला त्याला वेळ मिळाला नव्हता. पारावर, डेअरीवर, एसटीत, कुठंही कोणी "काय अमृतशेठ, काय चाललंय?" म्हणालं की तो आधी मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि मग मान हलवून सांगायचा, "टाईमच नाय राव." घड्याळातला सेल गेलेला असायचा, तेव्हाही बघायचा.

आता ह्या गृहस्थाचा टाईम जायचा कुठं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. सकाळी एम-एटीला दुधाचे कॅन अडकवून तो डेअरीवर जाई. डेअरी हाकेच्या अंतरावर. पण वाटेत भेटेल त्याला आपल्याला वेळ नाही हे नीट समजावून सांगायचं म्हटल्यावर परत यायला उशीर हा होणारच. मग एसटीनं नारायणगाव, तिथं कॉलेज. कॉलेजात तो हजेरीपुरता दिसे आणि हजेरी संपली की दिसेनासा होई. दुपारी टोमॅटोची बांधणी. बांधणी म्हणजे त्याची आई अंजनाबाई आणि दोन बाया वाकून वेल तारेला बांधायच्या आणि हा गळ्यात सुतळीचा गुंडा अडकवून सरीच्या तोंडाशी उभा राहायचा. त्याची धाकटी बहीण हर्षाली तेव्हा बारावीला होती. धारा, शेण, भाकरी आणि बांधणी उरकून ती अभ्यासाला बसायची. तिला टाईम आहे की नाही, हे कधी कोणी विचारलं नाही, त्यामुळं तिनंही सांगितलं नाही.

तर ह्या अमृतचा जीव अडकला होता व्हिडिओ गेममध्ये. अकरावीत असताना नारायणगावच्या स्टँडमागं एका अंधाऱ्या दुकानात त्यानं पहिल्यांदा मशिनीवर गाडी पळवली, आणि तेव्हापासून शेतातल्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग त्याला बेचव लागू लागलं. मग एका चतुर्थीला तो ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेला आणि येताना प्रसादाच्या पिशवीतून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला. एक काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेट चालेना झाली की काढायची, तोंडानं फुंकायची, परत घालायची. देवाच्या पायाला लावून आणलेली म्हटल्यावर घरातून पिटाळता येईना.

"हे काय आणलंस रं?" सावळेराम अप्पांनी विचारलं होतं.

"कॉमर्सला लागतं, अप्पा."

"गाड्या पळवायला?"

"सगळं हिशोबातच असतंय. कुठं किती दाबायचं, किती सोडायचं."

अप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी डबा उलटापालटा करून बघितला. पण मनात गाठ मारून ठेवली.

अडचण खेळायची नव्हती, जागेची आणि वेळेची होती. साल दोन हजार पाच. लोडशेडिंगचा अगदी सुवर्णकाळ. लाईट असली की टीव्हीपुढं अंजनाबाईंच्या मालिका. मालिका संपली की अप्पांच्या बातम्या. बातम्या संपल्या की लाईट जायची. टीव्ही मोकळा असला तर लाईट नाही, लाईट असली तर टीव्ही मोकळा नाही, आणि चुकून दोन्ही जमलं तर अप्पा घरात. त्यात संध्याकाळी अमृतच्या माथी घरातलं सगळ्यात मानाचं काम मारलेलं होतं. पाखऱ्याला खुराक चारणं.

पाखऱ्या म्हणजे अप्पांचा शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, चार बैलांचा गाडा सुटतो, गाड्यावर कोणी बसत नाही, पुढं घोडी पळते आणि बैल मोकळ्या रानातल्यासारखे चढण चढत जातात. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. त्या बारा-पंधरा सेकंदांसाठी अप्पा वर्षभर जगायचे. पाखऱ्या पुढच्या जोडीतला डावा बैल. बाकीचे तीन त्यांचे साडू गेणभाऊ यांचे. पाखऱ्याला दूध, अंडी, तुपात मळलेले उडदाच्या पिठाचे गोळे. उन्हाळ्यात घरातली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची, पण पाखऱ्याच्या डोक्यावर पंखा होता, आणि लाईट गेली तर तो बंद पडू नये म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर. हर्षालीनं एकदा अभ्यासाला त्या इन्व्हर्टरवर बल्ब लावू का विचारलं, तर अप्पा म्हणाले, "बॅटरी उतरंल. मुक्या जनावराचे हाल व्हतील."

आणि हा पाखऱ्या लाडानं असा शेफारलेला, की गव्हाणीत टाकलेला गोळा हुंगायचासुद्धा नाही. हातानं चारावा लागे. एक गोळा, मग निवांत चावणं, मग मान फिरवून "हं, पुढचा?" असं बघणं. सगळा खुराक संपायला चांगला तासभर मोडायचा.

एके दिवशी असाच गोळे हातात घेऊन बसलेला असताना अमृतची नजर पंख्यावरून वायरीवर, वायरीवरून इन्व्हर्टरवर गेली, आणि अकाउंट्सच्या तासाला कधी पेटली नाही ती ट्यूब त्या गोठ्यात पेटली. रंगीत टीव्ही आल्यापासून जुना काळा-पांढरा पोर्टेबल पडवीत कांद्याच्या पोत्यांमागं पडला होता. त्याच दिवशी अमृतनं तो गोठ्यात नेला.

"हे रं काय?" अंजनाबाई दारात उभ्या राहिल्या.

"आई, गोठ्यात बसून अभ्यास करतो. टाईम वाया जातोय नुसता."

"टीव्हीत अभ्यास?"

मागून हर्षाली म्हणाली, "आई, त्याला करू दे. निदान एक प्राणी तरी शिकंल."

अशा रीतीनं खेळ बसला. आता बसला म्हणजे कसा बसला ते नीट ऐकण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्या बसवण्यातच आहे.

शर्यतीच्या गेममध्ये सगळ्या गाड्या रेघेवर उभ्या राहायच्या. त्या टीव्हीवर सगळ्याच करड्या, त्यामुळं आपली कोणती हे देवालाच ठाऊक. मग तीन वेळा बारीक वाजायचं, पी... पी... पी... आणि चौथ्यांदा लांब, पीऽऽऽ. लांब वाजली की सुटायचं. एकदा सुटलं की दोन्ही अंगठे गुंतलेले. तेव्हा पाखऱ्यानं मान फिरवली तर कोण बघतो? म्हणून अमृतनं हिशोब काढला. बारीक पी-पी वाजत असताना हात रिकामेच असतात. तेवढ्यात उजव्या बाजूला हात लांबवायचा, गोळा पाखऱ्याच्या तोंडात सारायचा, हात मांडीला पुसायचा आणि लांब पी वाजायला रिमोट धरायचा. शर्यत होईपर्यंत पाखऱ्या एका जागी उभा राहून चावतोय. शर्यत संपली की परत पी-पी, परत गोळा.

असं महिने न् महिने चाललं. अमृतला स्वतःचा इतका अभिमान वाटला की कॉलेजच्या कट्ट्यावर त्यानं भाषणच ठोकलं. "टाईम नसतो म्हणणारे आळशी असतात राव. बसवता आलं पायजे." त्याच्या गेममधल्या सगळ्यात वरच्या मार्कांचा त्याला तर गर्वच. ते मार्क हर्षालीनं केलेले होते. हा सकाळी डेअरीवर जाऊन वाटेतल्या माणसांना आपला बिझीपणा समजावत बसायचा, तेवढ्यात ती शेण काढून झालं की रिमोट हातात घ्यायची. तीही पाखऱ्याला रिकामं ठेवायची नाही. पी-पीला गुळाचा खडा.

चैत्रात गावची यात्रा आली. अप्पा त्या वर्षी पेटलेले होते. आदल्या वर्षी बारी बसली नव्हती, म्हणजे गाडा ठरलेल्या सेकंदांत वर पोचलाच नव्हता, आणि गेणभाऊंनी त्याचं खापर पाखऱ्यावर फोडलं होतं. "आमच्या तिघांनी वढायचं आन् तुमच्यानं तूप खायचं" हे वाक्य गेणभाऊ लग्नात, दशक्रियेत, जिथं साडू दिसेल तिथं म्हणायचे. यात्रेच्या आधी अप्पांनी अमृतला समोर बसवलं.

"अमऱ्या, पाखऱ्या तुझ्या हातावर हाय. यंदा बारी बसली पायजे. नाय बसली तर त्या गोठ्यातल्या टिकटिकीमुळं नाय बसली असं मी धरीन. मग कॉलेज बंद. जल्मभर गोठ्यात बस."

"अप्पा, माझी परीक्षा हाय जवळ."

"तुझी नाय, पाखऱ्याची हाय."

कॉलेज बंद म्हटल्यावर अमृत पहिल्यांदा चरकला. कॉलेजची त्याला आस्था होती असं कोणी म्हणणार नाही. पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत चढायचं, नारायणगावच्या कट्ट्यावर बसायचं, "कॉलेजात असतो" म्हणून सांगायचं, हे गेलं की मग उरतं काय? गळ्यातला सुतळीचा गुंडा. तेवढ्या दिवसांत त्यानं पाखऱ्याला दोन गोळे जास्तच चारले. अर्थात पी-पीच्या तालावर.

यात्रेच्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली. आणि माईकवाला ओरडून सांगत होता, "मंडळी, यंदा यात्रा कमिटीनं सेकंदाचं इलेक्ट्रिक घड्याळ आणलेलं आहे! आता निशाणावरून भांडणं न्हाईत! घड्याळ वाजलं की गाडा सुटणार!"

पाखऱ्या खाली चिंचेखाली बांधला होता. अमृत त्याची पाठ चोळत होता. घाटाच्या तोंडाशी पहिला गाडा जुंपला गेला आणि कर्ण्यातून आवाज आला. पी... पी... पी... पीऽऽऽ.

पाखऱ्यानं मान डावीकडे फिरवली, अमृतकडे बघितलं आणि आ वासला.

अमृत पाठ चोळायचा थांबला. दुसरा गाडा, परत पी-पी, परत आ. गेणभाऊ तिथंच फेटा बांधत होते. "तहान लागली वाटतं तुमच्या नवाबाला," ते म्हणाले. "पाणी दावा."

अमृत घाट चढून धापा टाकत अप्पांकडे गेला. अप्पांना कमिटीनं नुकताच नारळ दिला होता आणि ते फोटोसाठी मिशा सरळ करत होते.

"अप्पा, जरा ऐका ना."

"आता काय?"

"ते घड्याळ... पाखऱ्या..."

"अरं, माझा फोटो चाललाय. मला टाईम हाय का आत्ता? जा, बैल आण."

जन्मभर जे वाक्य त्यानं दुसऱ्यांना ऐकवलं, ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकावं लागलं. तो बैल घेऊन आला.

गाडा जुंपला. माईकवाल्यानं सावळेराम बोऱ्हाडे आणि गेणभाऊंचं नाव पुकारलं, वाडीच्या सगळ्या बिरुदांसकट. अमृतनं पाखऱ्याची वेसण धरली आणि मनातल्या मनात ओझरच्या गणपतीला विनवलं, की फक्त एकदा ह्याला बहिरा कर. पण ज्याच्या दारातून गेम आणला, तो देव आता मध्ये पडायला तयार नव्हता.

पी... पी... पी... पीऽऽऽ.

गेणभाऊंचे तीन बैल उधळले. पाखऱ्या चारही पाय रोवून उभा राहिला, मान डावीकडे वळवली आणि मोठ्या समाधानानं तोंड उघडलं. जोडीदार बैल त्याच्याभोवती फिरला, मागची जोडी पुढच्या जोडीवर चढली, गाडा आडवा झाला, आणि घोडी एकटीच वर जाऊन पोचली. मग माईकवाला म्हणाला, "भिर्रर्र... न्हाई झाली! पाव्हणं, बैलाला जेवायला घालून आणत जा!"

घाट हसला. साधं नाही, पार कुकडीच्या पाण्यापर्यंत ऐकू जाईल असं हसला.

त्या संध्याकाळी अंगणात अप्पा खाटेवर पाठमोरे पडले होते. गेणभाऊ मात्र जायचं नाव घेईनात. "करणी हाय ही," ते म्हणत होते. "नायतर असं कुठं बघितलंय का? बैल घाटात आ करतोय. दाढ काढायला आलाय का त्यो?"

"कुणी केली आसंल?" अप्पा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले.

"वाटंनं लिंबू वलांडलं आसंल. एखाद्या जाणत्याला दावा."

अमृत उंबऱ्यात बसून नखं कुरतडत होता. करणीवर भागलं तर बरंच, असा त्याचा विचार चालला होता. दोन लिंबं, एक कोंबडा, आणि कॉलेज वाचलं. तेवढ्यात हर्षाली उठली. कोणाला काही न बोलता गोठ्यात गेली आणि टीव्हीचा आवाज मोठा करून गेम लावला.

पी... पी... पी... पीऽऽऽ.

पाखऱ्यानं मान वळवली. आ.

तिनं परत लावलं. परत आ. गेणभाऊ उठून गोठ्याच्या दाराशी गेले, आत वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच गप्प राहणं. मग म्हणाले, "दाजी, उठा. करणीवाला सापडला. एस.वाय.ला हाय."

अप्पा आले. त्यांनी बैलाकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं.

"म्हंजे वर्षभर तू त्याला उभं राह्यला शिकवलंस."

"अप्पा, मी टाईम बसवत व्हतो."

"उद्यापासून कॉलेज बंद. बसव आता टाईम. सगळा तुझाच हाय."

अंजनाबाई काही बोलायला गेल्या, त्यांनाही अप्पांनी हातानं थांबवलं. अमृतनं मान खाली घातली. घड्याळ बघावंसं वाटलं, पण बघून करायचं काय?

तेव्हा हर्षाली म्हणाली, "अप्पा, वैशाखात पलीकडच्या गावची यात्रा हाय. घड्याळवाला त्योच येणार हाय. ठरलाय तो सगळ्या घाटांना."

"मग?"

"मग पाखऱ्या तिथंबी आ करंल. आन् त्याच्या पुढच्या घाटातबी. बैल बाद झाला म्हणून समजा."

अप्पांचा चेहरा उतरला. ह्या बाजूनं त्यांनी विचारच केला नव्हता.

"ज्या आवाजाला उभं राह्यला शिकला, त्याच आवाजाला पळायला शिकंल," ती म्हणाली. "टीव्ही गोठ्याच्या दारात आणायचा. आवाज झाला की वेसण सोडायची. आन् गोळा हिथं नाय, पार रानाच्या त्या टोकाला. मावसकाका गोळा घेऊन तिकडं उभं राहतील."

"मी?" गेणभाऊ म्हणाले. "मी ह्या नवाबाला भरवू?"

"नायतर तुमचे तीन बैल एकट्यानं पळवा."

गेणभाऊ परत गप्प. एका दिवसात दोनदा.

"पण मी उगंच शिकवायची नाय," हर्षाली पुढं म्हणाली. "बारी बसली तर भाऊचं कॉलेज चालू राहील. आन् जूनमध्ये माझं नावबी नारायणगावला घालायचं. ह्या उन्हाळ्यात मला पाव्हणे दाखवायचे नाहीत."

अप्पा बराच वेळ पाखऱ्याकडं बघत राहिले. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न बैलाकडं बघून सोडवणारे ते काही पहिलेच नव्हते.

"बसली तर," ते म्हणाले. "नाय बसली तर दोघांचंबी बंद."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. गोठ्याच्या दारात टीव्ही. वेसणीला अमृत, कारण पाखऱ्या दुसऱ्याला हात लावू देईना. रानाच्या त्या टोकाला गेणभाऊ, हातात तुपाचा गोळा आणि तोंडात शिव्या. हर्षाली पाखऱ्याच्या मागं, हुसकायला. आता राहिला प्रश्न, रिमोटचं बटण दाबणार कोण?

"अप्पा, तुमी दाबा," हर्षाली म्हणाली. "हे एवढंच. बाकी काय करायचं नाय."

अप्पा मोठ्या नाराजीनं खाटेवर बसले, रिमोट विंचवासारखा दोन बोटांत धरला आणि दाबलं. पी-पी वाजली. पहिल्या दिवशी पाखऱ्यानं आ केला. दुसऱ्या दिवशी आ केला आणि ढकलल्यावर चालला. मग हळूहळू त्याला उमगलं की तोंड उघडून इथं काही मिळत नाही, ते तिकडच्या शिव्या देणाऱ्या माणसाकडं मिळतं. आठवडा सरला तेव्हा लांब पी वाजताच तो असा सुटायचा, की गेणभाऊ गोळा टाकून बांधावर चढायचे.

अप्पांकडं मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. पहिले काही दिवस बटण दाबून ते बैलाकडं बघायचे. मग एकदा त्यांचं लक्ष टीव्हीकडं गेलं. सगळ्या गाड्या सुटून गेलेल्या आणि आपली तेवढी रेघेवर उभी. घाटात घडलं तेच. त्यांना ते बघवेना.

"अमऱ्या, ही पुढं कशी न्यायची?"

"ते जाऊ द्या अप्पा, बैल बघा."

"अरं, पण बरं दिसत नाय. लोकांच्या गाड्या गेल्या."

त्या दिवशी अप्पांनी गाडी भिंतीवर घातली. दुसऱ्या दिवशी वळणावर घातली. तिसऱ्या दिवशी तालीम संपून बैल बांधला गेला, गेणभाऊ घरी गेले, अमृत हात धुऊन मोठ्या आशेनं टीव्हीपाशी आला, तर अप्पा जीभ दातांत धरून वळण घेत होते आणि गाडीबरोबर स्वतःही खाटेवर कलंडत होते.

"अप्पा, जरा मला..."

"थांब रं. वळणावर हाय."

अमृत थांबला. चांगलाच थांबला. आणि गेणभाऊंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीत जाहीर करून टाकलं की दाजींनी पोराच्या हातातला खुळखुळा हिसकावून घेतला.

वैशाखात पलीकडच्या गावचा घाट. घड्याळवाला आलेला, घड्याळ झाकून ठेवलेलं. पाखऱ्या तकतकीत, कान टवकारलेले. हर्षाली बायकांबरोबर समोरच्या टेकाडावर उन्हात बसलेली, ओढणीच्या टोकाला गाठी मारत आणि सोडत. ह्या वेळी अमृतची खातरी होती. आणि त्यांचा गाडा जुंपायची वेळ झाली तेव्हा लाईट गेली.

जनरेटर आणला होता, पण त्यात डिझेल घालायचं कोणी, हे कमिटीत ठरायचं राहून गेलं होतं. माईक तेवढा बॅटरीवर चालू. माईकवाला म्हणाला, "मंडळी, गडबड न्हाई! घड्याळ बंद, पण निशाण हाय! जुन्या पद्धतीनं चालू!"

निशाणवाला लाल फडकं घेऊन उभा राहिला. अमृतनं पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला कळून चुकलं. बैल दगडासारखा उभा होता. सगळं लक्ष कानात. फडकं त्याच्या गावीही नव्हतं. तो आवाजाची वाट बघत होता, आणि आवाज येणार नव्हता.

"अप्पा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ह्यो हलायचा नाय. आवाज नाय तर हलायचा नाय."

गेणभाऊंनी त्याचा खांदा धरला. "मग काढ की आवाज! तुझ्याच गेमचा हाय न्हवं?"

अमृतनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली, कॅसेट फुंकल्यासारखी. तिकडं निशाण वर गेलं.

आणि नेमका त्याच वेळी माईकवाल्याचा साथीदार लांब वायर ओढत अप्पांपाशी आला, त्यांच्या मिशांसमोर माईक धरला आणि म्हणाला, "गाडामालक सावळेराम बोऱ्हाडे, आपलं मनोगत दोन शब्दांत!"

अप्पांनी फेटा सावरला. समोर तालुका जमलेला. सोसायटीचे, डेअरीचे, पंचायतीचे, दोन्हीकडचे सोयरे. टेकाडावर त्यांची पोरगी उभी राहिलेली. सावळेराम अप्पांनी एकदा पाखऱ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि माईकमध्ये तोंड घालून, जन्मात कधी काढला नव्हता असा बारीक आवाज काढला.

"पी... पी... पी... पीऽऽऽऽ!"

निशाण पडलं आणि पाखऱ्या सुटला. असा सुटला की गेणभाऊंच्या तीन बैलांना आपण कशाला पळतोय हे कळायच्या आत पळावं लागलं. धुरळा, भंडारा, घोडीच्या मागं चौघे एका रेघेत, आणि वरून आवाज, "भिर्रर्रर्र... झाली! झाली! झाली!"

गाडा पहिला आला नाही, दुसरा आला. पण बारी बसली. टेकाडावर हर्षालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसली. अमृत वेसण सुटल्या हातांनी तसाच उभा होता. गेणभाऊंनी अप्पांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "दाजी, मनोगत लई भारी झालं."

तेव्हापासून जुन्नरपासून मंचरपर्यंत कुठल्याही घाटात सावळेराम अप्पा दिसले की गर्दीतून कोणीतरी बारीक आवाज काढतोच. अप्पा मान फिरवत नाहीत. पाखऱ्या बरोबर असला तर मात्र कोणी काढत नाही. वेसण धरणाऱ्याचं काय होतं ते एकदा सगळ्यांनी बघितलंय, आणि धरणाऱ्याच्या, म्हणजे अमृतच्या, गुडघ्यावर ती खूण अजून आहे.

त्या वर्षी अमृत बी.कॉम.चं दुसरं वर्ष पास झाला. लोकांनी त्याला अक्कल आली असं म्हटलं. खरी गोष्ट एवढीच, की गोठ्यात जागा उरली नव्हती. घरी येऊन करणार काय, म्हणून तो कॉलेजच्या लायब्ररीत बसू लागला, आणि लायब्ररीत पुस्तकांखेरीज दुसरं काही नव्हतं. जूनमध्ये हर्षालीही त्याच एसटीत चढली. ती पहाटेच्या धारा आणि भाकऱ्या उरकून यायची आणि खिडकीशी बसून पुस्तक उघडायची. हा शेजारी उभा राहून ओळखीच्यांना सांगायचा, "टाईमच नाय राव." गेममधले वरचे मार्क अजून तिचेच होते. अप्पांना ते मोडता येईनात आणि कोणाचे आहेत ते ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

एका सकाळी दोघं भावंडं पिशव्या अडकवून निघाली तेव्हा गोठ्याच्या दारात अप्पा खाटेवर बसलेले होते. अंजनाबाई ताट घेऊन मघापासून उभ्या.

"न्याहारी करून घ्या. बांधणीला बाया आल्यात."

"टाईम नाय गं आता. वळणावर हाय."

अंजनाबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा पाखऱ्याकडं. अप्पांची गाडी भिंतीवर आदळली, शर्यत संपली, नवी सुरू झाली. पी... पी... पी... अंजनाबाईंनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून नवऱ्याच्या तोंडापुढं धरला.

टीव्हीवरची नजर न हलवता सावळेराम अप्पांनी आ केला.